दादानं काढलेलं केंद्र

चष्म्याच्या दुकानात काकूंची खुर्ची आत, पडद्याच्या पलीकडे होती. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एक डोळा झाकायचा, भिंगं बदलत जायचं आणि विचारत जायचं, "आता? आणि आता?" अर्धं आयुष्य त्यांनी हेच केलं होतं. त्यातून माणसाविषयी एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. शेवटच्या ओळीवर आलेला माणूस 'दिसत नाही' असं सहसा म्हणत नाही. तो डोळे बारीक करतो, मान पुढे काढतो आणि काहीतरी ठोकून देतो. मोठ्या हुद्द्याची माणसं तर जास्तच खात्रीनं ठोकतात. काकू त्याला खोटेपणा मानत नसत. "डोळ्याला रिकामं राहवत नाही," एवढंच म्हणत आणि पुढचं भिंग उचलत.

हीच गोष्ट एक दिवस आपल्या पोटच्या पोराबद्दल डॉक्टर आपल्याला समजावून सांगतील, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पोराला सगळे दादा म्हणत. धाकटी बहीण म्हणते म्हणून गल्ली म्हणायची, आणि गल्ली म्हणते म्हणून आईसुद्धा. दादा दुकानांचे बोर्ड रंगवायचा आणि चढवायचाही. निम्म्या बाजाराची नावं त्याच्या हातची. एका औषधाच्या दुकानाचा बोर्ड चढवताना शिडी सरकली आणि तो डोक्यावर पडला. बरेच दिवस नळ्या आणि यंत्रं. मग उठला, चालला, जेवला. केस वाढले, टाक्यांची खूण झाकली गेली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

"त्याला कालचं आठवत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आठवत नाही, हेही त्याला कळत नाही. मोकळी जागा दिसली की मेंदू ती भरून टाकतो. तो खोटं बोलत नाही बरं का. त्याच्या लेखी ते घडलेलं असतं."

घरी त्याची प्रचीती रोज येई. जेवलास का म्हटलं, की दादा सांगे, "हो, मामाकडे जेवलो. मामी फार आग्रह करते." मामा-मामी परदेशात जाऊन एक पिढी लोटली होती. गॅस चालू का ठेवलास म्हटलं, की सांगे, "गॅसवाला म्हणाला, तासभर चालू ठेवा, पाइप साफ होतो." इतक्या शांतपणे सांगे, की धाकटीनं एकदा खरंच गॅसवाल्याला जाऊन जाब विचारला. पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. एकदा तो घरातून निघून गेला, तेव्हा एका कापडदुकानाच्या शिडीवर सापडला. दुकानदारानं बोर्डाचं काम दिलंय, असं तो वरून सांगत होता, आणि दुकानदार खालून दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता.

म्हणजे दिवसभर कोणीतरी लागणार. शेजारच्या मावशी काही महिने बसल्या, मग त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. काकूंचे यजमान कधीच गेलेले, धाकटी शाळेत शिकवायला जाई. घराचं भाडं दुकानाच्या पगारातून निघे. आणि दुकानाचे मालक एक दिवस चष्मा पुसत म्हणाले, "काकू, मी तुम्हाला काढत नाही हं. पण अर्धा दिवस तुम्ही फोनवर. गिऱ्हाईक एक डोळा झाकून बसून राहतं. माझी पुतणी हे काम शिकतेय. ती येईपर्यंत तुमचं काय ते बसवा."

काय ते बसवायला काकू सरकारी दारांत गेल्या.

आरोग्य खात्यात सांगितलं, "बाई, जीव वाचवणं आमचं काम. तो वाचवला. पुढचं समाजकल्याण बघतं." समाजकल्याणातल्या साहेबांनी दादाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हात दोन, पाय दोन. "याला झालंय काय? रोजगार खात्याकडे न्या, काम देतील." रोजगार खात्यानं दादाला विचारलं, हल्ली काय करतोस? दादा म्हणाला, "विमानतळाचा बोर्ड रंगवतोय. मोठं काम आहे." खात्यानं त्याला नोकरदार म्हणून नोंदवून टाकलं. ते खोडायला काकूंना आरोग्य खात्याचा दाखला लागला, म्हणजे गाडं पुन्हा पहिल्या दारात.

अशा तक्रारी फार झाल्या असाव्यात, कारण सरकारनं उपाय केला. मेंदूला इजा झालेल्यांसाठी समन्वय कक्ष काढला. त्याला अनुदान आलं. नवी खोली, लांब टेबल, फिरत्या खुर्च्या, आणि एक पांढरी गाडी, जिच्या पाठीवर 'समन्वय' असं लिहिलेलं. भिंतीवर रंगीत तक्ता होता. तिन्ही खात्यांकडून मधल्या गोलाकडे बाण येत होते आणि गोलाकडून खात्यांकडे परत जात होते. रुग्ण खाली उजव्या कोपऱ्यात होता. त्याच्यापर्यंत बाण पोचायला कागद पुरला नसावा.

कक्षाचे साहेब स्वभावानं गोड. कोणाला 'नाही' म्हणणं त्यांना ठाऊक नव्हतं. ते 'बघू' म्हणत.

"म्हणजे साहेब, मी याला आता कुठे नेऊ?" काकूंनी विचारलं.

"तेच तर सांगतोय, काकू. आधी तुम्हाला तीन दारं होती. आता एकच."

"आणि दाराच्या आत?"

"समन्वय."

धाकटी सोबत होती. तिची जीभ घरातसुद्धा जपून वापरावी लागे. ती म्हणाली, "कशाकशाचा?"

"सेवांचा, ताई."

"कुठल्या सेवांचा?"

"त्या यायच्या आहेत. सध्या अनुदान समन्वयाचं आलंय. सेवांचं वेगळ्या शीर्षाखाली येईल. त्यासाठी आमचा समन्वय चालू आहे."

"बाजारात तुरी," धाकटी जिना उतरताना पुटपुटली.

दादाला मात्र खोली आवडली. फिरत्या खुर्चीत तो अर्धं वळण घेऊन बसला होता. "चांगलं ऑफिस आहे," तो साहेबांना म्हणाला. "तुमचा बोर्ड मीच रंगवलाय ना?" साहेब म्हणाले, "बघू."

वर्ष सरत आलं तशी मुख्यालयाहून पाहणी समिती येणार असं कळलं. अनुदान चालू ठेवायचं की बंद करायचं, ते त्यांच्या अहवालावर ठरणार. साहेब पहिल्यांदाच स्वतःहून काकूंच्या दुकानात आले. नंबर तपासायच्या खुर्चीत बसले. "काकू, समितीला एक लाभार्थी दाखवायचाय. बोलणारा हवा. बाकीचे एकतर बोलत नाहीत, नाहीतर रडतात. दादा बोलतो छान."

"त्याला लाभ काय झालाय, साहेब?"

"तेच तुम्ही समितीला सांगा ना. काय हवंय ते सांगा. मोठी माणसं आहेत, ऐकतील."

काकूंना हे पटलं. त्या चार रात्री मनाशी वाक्यं जुळवत राहिल्या. मागणी एवढीच होती: दिवसा बसायला एक जागा, त्याला धाक न घालता गुंतवून ठेवणारं एखादं जाणतं माणूस, आणि पुतणी यायच्या आत.

पण समितीच्या प्रमुख बाई तत्त्वाच्या होत्या. पांढरे केस, शांत आवाज, आणि मनानं खरंच चांगल्या. त्यांचा नियम होता, की लाभार्थ्याचं म्हणणं लाभार्थ्यानंच सांगायचं. नातेवाईक बाहेर. "इतकी वर्षं यांच्या वतीनं दुसरेच बोलत आले," त्या काकूंना मऊपणे म्हणाल्या. "आज त्याला बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या."

काकू बाहेर बसल्या. मधली भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे चहा थंड झाला.

"तुम्हाला इथे काय मदत मिळते?" बाईंनी विचारलं.

"मी केंद्रात जातो ना," दादा म्हणाला.

आत साहेबांच्या खुर्चीचं चाक करकरलं.

"कुठल्या केंद्रात?"

"आपल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी. गाडी येते न्यायला, पांढरी. मोठा हॉल आहे. पूर्वेला खिडक्या, त्यामुळे सकाळी ऊन येतं. एक उंच बाई आहेत, त्या बोलायला लावतात. मग आम्ही रंगकाम करतो."

काकू ऐकत होत्या आणि त्यांना एकेक तुकडा ओळखू येत होता. हॉल म्हणजे त्याची जुनी रंगाची शेड. उंच बाई म्हणजे त्याच्या तिसरीच्या वर्गशिक्षिका. गाडी तर खाली दारातच उभी होती.

"आणि तिथे तुम्हाला सगळ्यात काय आवडतं?"

"कोणी घाई करत नाही," दादा म्हणाला.

प्रमुख बाईंनी नाक पुसल्याचा आवाज आला. काकूंना राहवलं नाही. त्या दार ढकलून आत गेल्या. "बाई, तो सांगतो तसं काही नाहीये. केंद्रबिंद्र काही नाही. त्याचा मेंदू मोकळी जागा भरतो. डॉक्टरांना विचारा."

"काकू," बाईंनी हात वर केला. "मुलाला चारचौघांत खोटं ठरवू नका."

"खोटं नाही म्हणत मी—"

"आई," दादा दुखावल्या आवाजात म्हणाला, "तू एकदा तरी आली आहेस का तिथे?"

काकूंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब मघाशी घामाघूम होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की जणू त्यांनाही ती खिडकी दिसू लागली होती. "आमच्या कक्षाचं एक छोटंसं पाऊल आहे," ते म्हणाले.

अहवाल आला. केंद्र आदर्श ठरलं. इतर कक्षांनी ते जाऊन पाहावं, अशी शिफारस झाली. समन्वयाचं अनुदान वाढलं. कक्षानं पूर्वीच पाठवलेला नव्या केंद्राचा प्रस्ताव तेवढा परत आला, कारण केंद्र आधीच होतं.

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. धाकटीनं ताट पुढे सरकवलं. "जेव गं. सरकार म्हणतंय ना केंद्र आहे? मग आहे. दादाला आंघोळ घालून मंगळवारी घेऊन जा."

"थट्टा सुचतेय तुला."

"मी कुठे थट्टा करतेय? थट्टा ते करतायत. आपण फक्त हो म्हणायचं."

काकूंचा तसा काही बेत नव्हता. पण सोमवारी मालकांनी सांगितलं, की पुतणी शिकून आली, दुसऱ्या दिवसापासून बघायला बसेल. तेव्हा मंगळवारी सकाळी काकूंनी दादाला इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्याला थेट समन्वय कक्षात नेलं.

"साहेब, गाडी आली नाही आज."

"कोणती गाडी?"

"केंद्राची. मंगळवार आहे."

साहेबांनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. "काकू, तुम्हाला तर ठाऊक आहे. असं काही..."

"मला काय विचारता? मी नातेवाईक. लाभार्थ्याला विचारा."

साहेबांनी लाभार्थ्याकडे पाहिलं. दादा लांब टेबलाशी जाऊन आपल्या खुर्चीत बसलासुद्धा होता. "उशीर झाला वाटतं आज," तो म्हणाला. "बाकीचे कुठेत?"

"बाकीच्यांना आणायला गाडी गेली असेल," काकू म्हणाल्या, आणि आपण हे बोललो याचंच त्यांना नवल वाटलं. "डबा दिलाय. मी संध्याकाळी येते."

दुकानात पोचल्या पोचल्या त्यांनी फोन भिंगांच्या पेटीवर उताणा ठेवला. आता वाजेल, आता साहेब पोलिसांना बोलावतील, आता तो एखादी शिडी शोधेल. समोरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी एकाच भिंगातून तीनदा "आणि आता?" विचारलं. तो तिन्ही वेळा वेगळं वाचत होता. कडेला बसून शिकणाऱ्या पुतणीनं ते पाहिलं. फोन वाजला नाही.

वाजला नाही, याला कारण होतं. त्याच दुपारी शेजारच्या जिल्ह्याचा कक्ष आदर्श केंद्र पाहायला येणार होता, आणि साहेबांकडे दाखवायला एक दादा होता, तोही आपण होऊन चालत आलेला. त्यांनी ड्रायव्हरला पिटाळलं, की गाडीतून आणखी चार रुग्ण आण, रडणारे चालतील. सरकारी दवाखान्यात एक स्पीच थेरपिस्ट होत्या. पद मंजूर होतं पण खोली मंजूर नव्हती, म्हणून त्या इतके दिवस औषधांच्या गोदामात खोक्यांवर लेबलं लावत होत्या. त्यांनाही आणलं. पाहुणे आले, पाहून खूश झाले, पाठोपाठ आणखी दोन जिल्ह्यांनी तारखा मागितल्या. केंद्र बंद करायला सवडच मिळेना. मंगळवारमागून शुक्रवार आला, शुक्रवारमागून मंगळवार.

असं ते केंद्र सुरू झालं. फीत कापायचा प्रश्नच नव्हता. जे आधीपासून आहे त्याचं उद्घाटन कोण करणार?

पहिल्या दिवशी संध्याकाळी काकूंनी विचारलं, "कसं वाटलं रे?"

दादा चेहरा पाडून म्हणाला, "जागा बदलली वाटतं. पूर्वीची बरी होती. आणि बाईंची उंची कमी झालीय."

थेरपिस्ट खरंच बुटक्या होत्या. रुग्ण त्यांना वाचाबाई म्हणत. गोदामात साठलेला सगळा उत्साह त्यांनी आता बाहेर काढला. त्या मूठ बंद करून दादासमोर धरत. "माझ्या मुठीत काय आहे?"

"किल्ली," दादा म्हणे.

मूठ उघडली की बटण निघे.

"आता काय आहे?"

"आता किल्ली."

निघे खडू. कधी काहीच नसे. रोज हाच खेळ. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, इतकंच शिकवायचं होतं, पण त्याहून अवघड काही नसतं, असं वाचाबाई म्हणत. एकदा साहेब तिथून चालले होते. बाईंनी त्यांच्यापुढेही मूठ धरली. साहेब थांबले, विचारात पडले आणि म्हणाले, "संबंधित खात्याला विचारून सांगतो."

काकू आठवड्यातले दोन दिवस निर्धास्त काम करू लागल्या. निर्धास्त म्हणजे, फोन पेटीवर उताणा न ठेवता पर्समध्ये ठेवण्याइतपत. उरलेल्या दिवसांची घडी बसेना. एक दिवस धाकटी रजा काढी, एक दिवस मावशी गुडघ्यांची समजूत घालून येत, उरलेले दिवस तसेच लोंबकळत. मालकांनी पुतणीला काकूंच्या खुर्चीत बसवायला सुरुवात केली होती, आधी मधल्या सुट्टीत, मग सुट्टीनंतरही.

आणि असं भिजत घोंगडं पडलेलं असताना समिती पुन्हा आली. त्याच पांढऱ्या केसांच्या बाई, तोच नियम. काकू बाहेर, तोच प्लायवूड. फरक इतकाच, की या वेळी आत दाखवायला खरंच काहीतरी होतं, त्यामुळे साहेब जास्त निश्चिंत होते.

"ओळखलंत का मला?" बाईंनी प्रेमानं विचारलं. "गेल्या वर्षी भेटलो होतो."

दादा थांबला. काकूंना तो थांबलेला ऐकू आला. एरवी त्याचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असे.

"आठवत नाही," दादा म्हणाला.

बाहेर काकूंनी पदर तोंडावर घेतला. पडल्यापासून हे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी आले नव्हते.

आत मात्र पाचावर धारण बसली होती. "बरं," बाई म्हणाल्या. "आज सकाळी केंद्रात काय केलंत?"

"आठवत नाही."

"केंद्रात येता ना तुम्ही? गाडी येते, पूर्वेच्या खिडक्या..."

"खिडक्या?" दादानं खोलीभर पाहिलं असावं. "इथे कुठे खिडक्या आहेत? मला सगळं नाही आठवत, बाई. आईला विचारा. ती बाहेर बसलीय. तिला सगळं माहीत असतं."

लाभार्थ्यानंच सांगितल्यावर तत्त्वाचा इलाज चालेना. काकूंना आत बोलावलं. साहेबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं त्यांच्याकडे आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं, यजमानांनीसुद्धा नाही.

"काकू, खरं सांगा," प्रमुख बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "हे केंद्र नक्की केव्हापासून चालू आहे?"

वर्षभरापूर्वी हेच सांगायला त्या दार ढकलून आत आल्या होत्या. आता खुर्ची पुढे सरकवून दिली होती आणि सगळे ऐकायला तयार होते. खरं सांगितलं तर अहवाल खोटा, साहेब खोटे, बाई स्वतःही खोट्या. आणि खोटं ठरलेलं केंद्र शुक्रवारी कशाला उघडेल? दाराशी वाचाबाई उभ्या होत्या. रिकामी मूठ त्यांनी तशीच मिटून धरली होती.

"आठवत नाही, बाई," काकू म्हणाल्या. "वय झालं. पण दोन दिवस पुरत नाहीत, हे कळतं. 'आठवत नाही' हे आज त्याच्या तोंडून आलं, तेही दोनच दिवस मिळून. रोज मिळालं तर काय होईल, ते तुम्हीच बघा."

प्रमुख बाईंनी समोरची फाइल मिटली. त्यांनाही गेल्या वर्षीचा अहवाल आठवत असावा, आणि त्यावरची सहीसुद्धा. मग त्यांनी सहकाऱ्याला शेरा सांगितला. लाभार्थ्याची स्मृती गेल्या वर्षीच्या तुलनेत लक्षणीय खालावली आहे, सबब केंद्राची गरज वाढली आहे.

वाचाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, सुधारलाय तो."

"असं लिहिलं तर बंद होईल," साहेब हळूच म्हणाले. वर्षभरात त्यांनी बोललेलं हे पहिलं स्वच्छ वाक्य होतं.

समिती गेल्यावर ते काकूंना सोडायला जिन्यापर्यंत आले. "वाचवलंत, काकू."

"तुम्हाला नाही, साहेब. बुधवारी आणि गुरुवारी गाडी पाठवा. सोमवारीही."

"मुदतवाढ मिळालीय, पण रोजचं अजून मंजूर नाही. प्रस्ताव टाकतो. बघू."

"बघा. समिती पुढल्या वर्षी येईल, तेव्हा त्यालाच विचारेल. आणि तो आता ठोकून देत नाही."

साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादा गाडीच्या पाठीवरची अक्षरं निरखत होता. "हे कोणी लिहिलंय?" तो ड्रायव्हरला म्हणाला. "रेष वाकडी आलीय."

बुधवारी गाडी आली. काकूंनी दादाला बसवलं, डबा दिला, दार नीट लागलं का ते दोनदा ओढून पाहिलं. मग भराभर चालत दुकानात गेल्या, पुतणीला आपल्या खुर्चीतून उठवलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाचा डोळा झाकला.